घडण जपानची, माती आपली

ठाणे शहरात, येऊरच्या डोंगरापासून जवळच, वागळे इस्टेट ही औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना 1962 साली झाली. महामंडळाच्या अगदी आरंभीच्या वसाहतींत हिची गणना होते. एके काळी येथे यंत्रांचा अखंड खडखडाट चाले. आज पुष्कळ कारखान्यांच्या जागी उंच इमारती व कचेऱ्या उभ्या आहेत आणि शेजारच्या किसननगरात घराला घर लागलेले आहे. अशा ठिकाणी अंगण कोठून असणार? म्हणून ज्याला हिरवाईची आवड आहे, तो खिडकीत किंवा गॅलरीत एखादी कुंडी ठेवतो. तेच त्याचे अंगण आणि तीच त्याची बाग.

शहरातील अशा कुंड्यांमध्ये कधी कधी एक निराळी कुंडी दृष्टीस पडते. आपली नेहमीची कुंडी तोंडाशी रुंद व बुडाशी निमुळती असते. ही मात्र लांबट, पसरट आणि परातीसारखी उथळ असते. तिला खाली आखूड पाय असतात. रंग विटकरी आणि नक्षी अगदी बेताची. या कुंडीचे रूप जपानहून आले आहे.

जपानी लोक उथळ पात्रात लहानसे झाड वर्षानुवर्षे जोपासतात. या कलेला ते ‘बोन्साय’ म्हणतात. ही कला मुळात चीनमधून जपानात गेली आणि तेथे वाढली. बोन्सायच्या कुंड्यांसाठी तोकोनामे हे गाव विशेष प्रसिद्ध आहे. जपानच्या सहा प्राचीन कुंभारकेंद्रांत त्याची गणना होते. सुमारे नऊशे वर्षांपासून तेथे भट्ट्या पेटत आल्या आहेत. तेथील तांबूस-तपकिरी, झिलई नसलेल्या कुंड्या जगभर जातात.

या कुंड्या इतक्या साध्या का असतात? जपानी कारागीर मानतो की, पाहणाऱ्याची दृष्टी आधी झाडाकडे गेली पाहिजे. कुंडीच जर भडक असेल, तर झाडाकडे कोण पाहणार? म्हणून तो प्रमाण फार जपतो. झाड जितके उंच, त्याच्या सुमारे दोन-तृतीयांश कुंडीची लांबी आणि बुंध्याच्या जाडीइतकी तिची खोली, असा तेथील एक सर्वसाधारण संकेत आहे. नक्षी काढलीच तर ती हलक्या हाताची असते. एकात एक कमानी गुंफून काढलेल्या लाटा किंवा ओल्या मातीवर दोर दाबून उमटविलेले वळ पुरेसे होतात. दोराची ही नक्षी जपानात हजारो वर्षांपूर्वीच्या मडक्यांवरही आढळते. त्या काळाला ‘जोमोन’ म्हणजे ‘दोराची नक्षी’ असेच नाव मिळाले आहे.

आता मातीचा विचार करू. ओले मडके पाण्यात ठेवले तर विरघळून जाते, पण भाजलेले विरघळत नाही. असे का होते? मातीच्या कणांत काही पाणी रासायनिक रीतीने बांधलेले असते. उष्णता सुमारे 500 ते 600 अंश सेल्सिअसपर्यंत चढली की ते निघून जाते आणि मातीचा स्वभावच पालटतो. मग तिचा पुन्हा चिखल होत नाही. मातीतील लोहामुळे मोकळ्या हवेत भाजलेल्या भांड्याला तांबडा रंग चढतो. आपले कुंभार बहुधा 1000 अंशांच्या आतच भांडी भाजतात. त्यामुळे भांड्याच्या अंगात असंख्य सूक्ष्म छिद्रे राहतात. उन्हाळ्यात माठातील पाणी गार होते, ते याच छिद्रांमुळे. त्यांतून पाझरणारे पाणी बाहेर येऊन वाफ होते आणि जाताना उष्णता घेऊन जाते. कुंडीतही हेच घडते. शिवाय छिद्रांवाटे मुळांना हवा मिळते. मुळेही श्वास घेतात, हे विसरू नये.

मग तोकोनामेची कुंडी जशीच्या तशी का घडवू नये? तेथेच विचार करावा लागतो. जपानच्या अनेक भागांत हिवाळ्यात पाणी गोठते. गोठताना पाणी प्रसरण पावते. छिद्राळ कुंडीच्या अंगात मुरलेले पाणी गोठले, तर ती तडकते. म्हणून तेथे बोन्सायच्या कुंड्या अधिक उष्णतेत भाजून टणक व घट्ट करतात. ठाण्यात पाणी गोठण्याचे भय नाही. येथे भय आहे ते पावसाचे. वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत कोसळतो. तेव्हा आपल्या मातीची कच्च्या बाजूची, छिद्राळ भाजणी आपल्याला चालते, परंतु बुडाशी मोठी भोके आणि बूड जमिनीपासून उचलून धरणारे पाय यांवाचून चालत नाही. उन्हाळ्यात मात्र उथळ मातीची कुंडी लवकर सुकते. म्हणून पाणी दोनदा घालावे लागते.

अशी कुंडी घडविणे हेही सोपे काम नव्हे. चाकावर गोल भांडे येते, चौकोनी येत नाही. त्यासाठी कुंभार मळलेली माती पोळीसारखी लाटतो, तिचे तुकडे कापतो आणि पातळ चिखलाने सांधे जोडतो. वाळताना व भाजताना माती सुमारे दहाव्या हिश्श्याने आकसते. एक बाजू आधी वाळली तर कुंडी वाकडी होते. म्हणून ती सावलीत, सावकाश वाळवावी लागते. आव्यातून निघाल्यावर कुंभार ती बोटाने वाजवून पाहतो. खणखणीत नाद आला तर ती पक्की, आणि बद्द आवाज आला तर कोठे तरी चीर आहे असे समजावे. तेरचे संत गोरोबाकाका यांनी थापटीने संतांची मडकी पारखली, ही कथा तुम्ही ऐकली असेलच. ती पारख कुंभाराच्या रोजच्या कामातलीच आहे.

बाजारात मात्र पुष्कळदा निराळाच प्रकार दिसतो. आकार जपानी, पण बुडाला भोक नाही. वरून तैलरंगाचा चकचकीत थर. रंगाने छिद्रे बुजतात आणि पाणी आतच साचते. पहिल्याच पावसाळ्यात मुळे कुजतात व झाड मान टाकते. कुंडी मात्र शाबूत राहते! रूप घेतले, पण त्यामागचा विचार घेतला नाही, त्याचे हे फळ.

महाराष्ट्रात जोर्वे, इनामगाव येथील उत्खननांत तीन हजार वर्षांपूर्वीची सुंदर रंगविलेली मृत्पात्रे सापडली आहेत. म्हणजे माती घडविण्याची विद्या आपल्याला नवी नाही. ज्याच्या घरी ही विद्या आहे, त्याने दुसऱ्याकडून काही घेण्यात कमीपणा नाही. जपानने चीनकडून घेतले आणि ते आपलेसे केले. आपणही घ्यावे. परंतु घेताना आपली माती, आपला पाऊस आणि आपले झाड यांना विचारून घ्यावे.

पुढे कधी एखाद्या गॅलरीत अशी कुंडी दिसली, तर तिची नक्षी अवश्य पाहा. पण आधी खाली वाकून तिच्या बुडाचे भोक पाहा.