पंधरा यार्डांची रेघ

सकाळी सहा

ऑगस्टमधला कोरडा शनिवार. इंग्लंडच्या नैऋत्य कोपऱ्यात, डेव्हनमध्ये, डार्टमूर राष्ट्रीय उद्यानाच्या एक महिला रेंजर गाड्यांची वर्दळ सुरू होण्याआधीच बाहेर पडतात. रात्री कोण कुठे थांबलं, कुणी चाक कुठे उतरवलं, हे उजाडताना नीट दिसतं. दवावर टायरचे माग उमटलेले असतात.

डार्टमूर म्हणजे ग्रॅनाइटवर पसरलेला उंच, ओला, जवळजवळ झाडं नसलेला माळ. सुमारे ९५४ चौरस किलोमीटरचं हे उद्यान १९५१ मध्ये झालं. टेकड्यांच्या माथ्यांवर उघड्या खडकांचे ढीग आहेत, त्यांना इथे ‘टॉर’ म्हणतात. सगळ्यात उंच हाय विलहेज, ६२१ मीटर. उंची आपल्या सह्याद्रीच्या मानाने काहीच नाही, पण धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही. पायाखाली पीट असतं, म्हणजे हजारो वर्षं पाण्यात राहून पुरतं न कुजलेलं गवत आणि शेवाळ. त्यावरून एकदा जीप गेली की चाकोरी खोल होते, पाणी त्या चाकोरीतून वाहू लागतं आणि बाजूचं पीट सुकत जातं. ती जखम भरायला माणसाचं आयुष्य पुरत नाही.

पहिल्या तासात रेंजर बघतात ती जनावरं. मेंढ्या, गाई आणि प्रसिद्ध डार्टमूर पोनी मोकळे फिरतात, पण बेवारस नाहीत. माळावर चराईचा पिढीजात हक्क असलेल्या शेतकऱ्यांची ती आहेत. रात्री डांबर उबदार असतं म्हणून जनावरं रस्त्यावरच बसतात. माळावरच्या रस्त्यांना ताशी ४० मैलांची मर्यादा आहे, म्हणजे साधारण ६४ किलोमीटर. ती पाळली तरी अंधारात काळी गाय दिसेलच असं नाही. आज रस्ता स्वच्छ आहे. जनावर मेलेलं सापडतं त्या दिवशी पहिला फोन मालकाला जातो, आणि तो फोन कुणालाच करावासा वाटत नाही.

साडेसात

आता रस्त्याच्या कडा. १९८८ च्या वाहतूक कायद्यात माळावर, सामायिक जमिनीवर किंवा पायवाटेवर परवानगीशिवाय मोटारगाडी चालवणं हा गुन्हा आहे. एक सूट आहे: गाडी उभी करण्यापुरतं रस्त्यापासून १५ यार्डांपर्यंत आत जाता येतं. १५ यार्ड म्हणजे चौदा मीटरही नाहीत. ती सूटही फक्त गुन्हा होण्यापासून वाचवते, उभं राहण्याचा हक्क देत नाही. जमिनीचा मालक हरकत घेऊ शकतो.

माझ्या मते या उद्यानाचा सारा दूरपणा त्या चौदा मीटरांवर टिकून आहे. कुणी एकदम माळाच्या मध्यावर गाडी नेत नाही. पहिला वीस मीटर आत थांबतो, दुसरा त्याच्या पुढे, आणि दोन उन्हाळ्यांत तिथे आयतं वाहनतळ तयार होतं. म्हणून कडेला चर खणतात, मातीचे बांध घालतात, ग्रॅनाइटचे मोठे धोंडे ओळीने ठेवतात. धोंडा कुणीतरी बाजूला ढकललेला दिसला की रेंजर फोटो काढतात, जागा नोंदवतात.

एक शेतकरी क्वाड बाइकवरून मेंढ्यांकडे जाताना हात हलवतो. त्याला हक्क आहे. ती चाकं पाहून मागच्या गाडीतला माणूस विचारतो, “मग आम्ही का नाही?” हे दिवसातून चार वेळा समजावायचं असतं, आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच समजावत असल्यासारखं.

दहा

हेटॉरची वाहनतळं भरत आली आहेत. पूर्वेकडचा हा टॉर रस्त्यावरूनच दिसतो, दहा-पंधरा मिनिटांच्या चढावर आहे, म्हणून सगळे इथेच येतात. जवळच ग्रॅनाइटच्या रुळांची १८२० ची ट्रामवे आहे. खाणीतला दगड घोडे त्यावरून खाली नेत. उन्हाळी शनिवारी खालच्या गावांतून इथे बस येत आली आहे, ‘हेटॉर हॉपा’. तिच्यातून उतरणाऱ्या लोकांकडे रेंजर खास लक्ष देतात, नकाशा दाखवतात, परतीची वेळ सांगतात. एका बसभर माणसं म्हणजे रस्त्याकडेच्या गवतावर न चढलेल्या कितीतरी गाड्या. पण अशा बसगाड्या इथे फार तुरळक आहेत. एक्सेटरहून प्लिमथपर्यंत सगळा माळ ओलांडणारी बस एकेकाळी होती. गाडी न परवडणाऱ्या माणसाचंही हे राष्ट्रीय उद्यान आहे, आणि त्याला दाराशी आणून सोडणारं दुसरं काही नाही.

बारा

दिवसातला सगळ्यात अवघड भाग उत्तरेकडे असतो, ओकहॅम्प्टनच्या वर. इथे सैन्याचा कॅम्प आहे. एकोणिसाव्या शतकापासून तोफखाना इथे सराव करत आला आहे. सराव असेल तेव्हा टेकड्यांवर लाल निशाणं चढतात, रात्री लाल दिवे लागतात. ऑगस्टभर गोळीबार बंद असतो, म्हणून आत जाणाऱ्या रस्त्याच्या फाटकापाशी गर्दी.

सैन्याने इथे माळाच्या पोटात जाणारे रस्ते बांधले. अनेक वर्षं, गोळीबार नसेल तेव्हा, सामान्य माणूसही त्या रस्त्यावरून ओकमेंट हिलजवळच्या निरीक्षण चौकीपर्यंत गाडी नेत असे; आता नेता येत नाही. तिथून क्रॅनमियर पूल थोड्या चालीवर. या जागेची गोष्ट मोठी आहे. १८५४ मध्ये जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने तिथे एक बरणी ठेवली. इतक्या दूर पोचलेल्यांनी आपलं कार्ड त्यात टाकायचं. डार्टमूरवर दडवलेल्या टपालपेट्या शोधत हिंडण्याचा छंद तिथून सुरू झाला. नाव ‘पूल’ असलं तरी तिथे आज तळं नाही, पीटचा खोलगट भाग आहे. त्या जागेला मोल होतं ते तिथे पोचायला दिवस खर्ची पडायचा म्हणून. डांबर जवळ आलं आणि तो दिवस दोन तासांचा झाला. डार्टमूर प्रिझर्व्हेशन असोसिएशन ही संस्था १८८३ पासून आहे. तिच्या सिल्व्हिया सेयर सैन्याच्या वापराविरुद्ध आयुष्यभर भांडल्या. त्या काहींना हट्टी वाटत. मला त्या बरोबर वाटतात.

पण फाटकापाशी दर उन्हाळ्यात एक प्रश्न येतो, आणि त्याला तयार उत्तर नाही. गाडीत मुलगा आणि त्याची म्हातारी आई. तरुणपणी ती आत चालत गेलेली, आता गुडघे गेलेत. “आम्ही काही खराब करणार नाही, फक्त तिला दाखवायचंय.” तो खरंच बोलतोय हे रेंजरांना कळतं. गाडीशी वाकून त्या आधी आईशी बोलतात, मुलाशी नंतर. मोकळ्या जमिनीवर फिरण्याचा हक्क देणाऱ्या २००० च्या इंग्लंडच्या कायद्याने त्या हक्कातून वाहनं वगळली, पण अपंगांची चाकगाडी नाही. खडबडीत जमिनीवर चालणाऱ्या दणकट विजेच्या गाड्या नैऋत्य इंग्लंडात काही ठिकाणी भाड्याने मिळतात. प्रिन्सटाउनहून निघणाऱ्या जुन्या रेल्वेमार्गाच्या सपाट वाटेचं रेंजर वर्णन करतात, तिथून काय काय दिसतं ते सांगतात. क्रॅनमियरच्या दलदलीत मात्र चाक चालणार नाही, तेही स्पष्ट सांगतात.

आईचं समाधान होतं का? नेहमी नाही. इथे मला वाटतं की ‘गाडी नको’ म्हणणाऱ्या प्रत्येकाने ‘मग काय’ याचंही उत्तर द्यायला हवं. चांगल्या सपाट वाटा, भाड्याच्या चाकगाड्या, नियमित बस यांवर पैसा खर्च झाला तर फाटकावरचा नकार न्याय्य ठरतो. नाहीतर तो धडधाकटांनी स्वतःसाठी राखलेला माळ होतो.

तीन ते सहा

एका अरुंद गल्लीत दोन मोटरहोम समोरासमोर अडकतात, मागे रांग लागते. कुणीतरी सुक्या गवताशेजारी बार्बेक्यू पेटवलाय, तो विझवायला लावायचा. पोनीला पाव भरवणाऱ्या कुटुंबाला थांबवायचं. त्याला बंदी आहे, कारण खाऊची सवय लागलेलं जनावर रस्ता सोडत नाही. चहा गाडीतच.

रात्री दहा

शेवटची फेरी वाहनतळांची. पडदे ओढलेली एक कॅम्परव्हॅन उभी आहे. माळावर गाडीत रात्र काढायला उपविधींनी मनाई आहे. आतला तरुण वाद घालतो, “सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिलीय ना?” मे २०२५ मधला निकाल त्याने अर्धाच वाचलाय. पाठीवर तंबू घेऊन चालत जाणाऱ्याचा हक्क न्यायालयाने एकमताने मान्य केला. तो १९८५ च्या डार्टमूर कायद्यातला पायी आणि घोड्यावरून जाण्याचा हक्क आहे, चाकांचा त्यात उल्लेख नाही. रेंजर हे शांतपणे सांगतात, मग जवळच्या कॅम्पसाइटचा पत्ता आणि तंबू कुठे लावता येईल त्याचा नकाशा देतात. “तंबू आहे तुमच्याकडे?” आहे, मागे पडलाय. उद्या सकाळी तो घेऊन आत चालत जा, असं म्हणून त्या वाटही दाखवतात.

तो व्हॅन काढून खाली जातो. रेंजर नोंद लिहितात: हेटॉरच्या खालच्या वळणावर गवत सोललं गेलंय, चौदा-पंधरा धोंडे हवेत, शक्यतो पुढच्या शनिवारच्या आत.