विहिरीच्या पाण्याचा तपास

विहिरीचे पाणी बिघडले आहे, हे कळण्यासाठी प्रयोगशाळेची गरज नसते. डाळ शिजेनाशी होते, साबणाला फेस येत नाही, पाण्याची चव मचूळ लागते. ते कोणामुळे बिघडले, हा प्रश्न मात्र भल्याभल्यांना चकवतो. भूजल डोळ्यांना दिसत नाही, ते अत्यंत संथपणे सरकते आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येक पदार्थाचा अंश सोबत घेऊन येते. अमेरिकेत शेल वायूच्या उत्खननावरून जो वाद पेटला, त्याच्या मुळाशी हाच प्रश्न होता. आपल्याकडे प्रवरेच्या खोऱ्यात, संगमनेर परिसरात शास्त्रज्ञांनी विहिरी तपासल्या त्याही याच प्रश्नासाठी. फरक इतकाच, की येथे संशयित वेगळे आहेत.

शेल हा चिखलाच्या थरांपासून बनलेला खडक. त्यात अडकलेला वायू मोकळा करण्यासाठी खोल विहीर खोदून, पाणी, वाळू आणि रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने आत सोडून खडक फोडावा लागतो. एका विहिरीला एक-दोन कोटी लिटर पाणी सहज लागते. भारतात ओएनजीसीला पश्चिम बंगालमधील दुर्गापूरजवळ शेल वायू मिळाला तो २०११ मध्ये. पुढे गुजरातमधील खंबातच्या खोऱ्यातही चाचणी-विहिरी खोदल्या गेल्या. संगमनेर मात्र दख्खनच्या बेसॉल्टवर, म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर वसलेले आहे. तेथे कोणी शेल वायूसाठी खोदाई करीत नाही. पण तेथील पाण्यावर पोहोचणारी संकटे काही कमी नाहीत.

पेनसिल्व्हेनिया व न्यूयॉर्क राज्यांतील घरगुती विहिरींचा अभ्यास ड्यूक विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केला. वायूविहिरीपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या पाण्यात मिथेनचे सरासरी प्रमाण लिटरमागे १९.२ मिलिग्रॅम, तर दूरच्या पाण्यात १.१ मिलिग्रॅम आढळले. खडक फोडण्यासाठी वापरलेली रसायने मात्र सापडली नाहीत. त्या भागात मिथेन नैसर्गिकरीत्याही पाण्यात असतो, असे कंपन्यांचे म्हणणे. खोदाईपूर्वीच्या पाण्याच्या नोंदी फारशा नसल्याने ते खोडून काढणे सोपे नव्हते. २०१४ मध्ये अशाच दुसऱ्या अभ्यासात वायूसोबत आलेल्या हेलियम, निऑन, आर्गॉन यांसारख्या निष्क्रिय वायूंचे प्रमाण मोजून निष्कर्ष काढण्यात आला, की तपासलेल्या ठिकाणी दोष खडक फोडण्यात नसून विहिरीच्या लोखंडी केसिंगमधून व त्याभोवतीच्या सिमेंटमधून होणाऱ्या गळतीत आहे. गुन्हेगार तळाशी शोधला जात होता. तो सापडला जिन्यात.

आता प्रवरेकडे येऊ. सह्याद्रीत रतनगडाच्या परिसरात उगम पावणाऱ्या या नदीवर १९२६ मध्ये भंडारदरा धरण पूर्ण झाले. संगमनेर तालुक्यातील ओझर बंधाऱ्यावरून निघालेल्या कालव्यांनी पर्जन्यछायेतील कोरडवाहू प्रदेशाचे रूप पालटले. ऊस आला, सहकारी साखर कारखाने आले, त्यांना जोडून मळीपासून मद्यार्क काढणाऱ्या आसवन्या आल्या. समृद्धी आली हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पाटपाणी आणि खते जमिनीत मुरली, आसवन्यांचे सांडपाणीही मुरले.

संगमनेर महाविद्यालयातील के. के. देशमुख, तसेच पुणे विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागातील एन. जे. पवार यांनी या परिसरातील माती व भूजलाचा अभ्यास केला. त्यापूर्वी, १९९८ मध्ये, याच जिल्ह्यातील (तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर) सोनई येथे साखर कारखान्याच्या सांडपाण्याने भूजल कसे दूषित झाले, याविषयी पवार, पोंढे आणि पाटील यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला होता. संगमनेरचे चित्र साधारण असे दिसले: वरच्या अंगाच्या विहिरींपेक्षा नदीच्या खालच्या अंगाच्या सिंचित पट्ट्यात पाणी अधिक खारट व कठीण, काही विहिरींत नायट्रेट मर्यादेबाहेर आणि औद्योगिक सांडपाण्याच्या ओढ्यालगतचे पाणी विशेष बिघडलेले.

मद्यार्काच्या प्रत्येक लिटरमागे जुन्या पद्धतीत बारा-पंधरा लिटर काळपट तपकिरी सांडपाणी निघते. त्यात सेंद्रिय द्रव्ये, पोटॅशियम, क्लोराइड, सल्फेट यांची रेलचेल असते. ते साठवण्याच्या तलावाचा तळ पक्का नसेल तर ते मुरमातून आणि मांजऱ्या खडकातील भेगांतून खाली जाते. वाटेत मातीतील चिकण कण पोटॅशियमला धरून ठेवतात. क्लोराइड मात्र कोठेही न अडता पाण्याबरोबर पुढे जाते. म्हणून प्रदूषणाची आघाडी कोठवर पोहोचली, हे पाहण्यास क्लोराइड हा चांगला माग. पण तेवढ्यावर आरोप ठेवता येत नाही. पोटॅशचे खत हेही क्लोराइडचेच क्षार, आणि गावच्या गटारातही मीठ असतेच.

येथेच तपास रंगतो. नायट्रेटचे उदाहरण घ्या. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात ते लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे. अधिक झाल्यास तान्ह्या मुलांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते. युरियातून आलेले नायट्रेट आणि गोठ्यातून वा सांडपाण्यातून आलेले नायट्रेट रासायनिकदृष्ट्या एकच. मात्र नायट्रोजनच्या जड व हलक्या समस्थानिकांचे गुणोत्तर दोहोंत बहुधा निराळे असते. त्यावरून खत की मैला, याचा अंदाज बांधता येतो. उलट, सेंद्रिय सांडपाणी मुरलेल्या ठिकाणी प्राणवायू संपतो आणि जिवाणू नायट्रेटच फस्त करतात. अशा विहिरीच्या अहवालात नायट्रेट कमी दिसते, आणि वाचणाऱ्याला पाणी शुद्ध वाटते! एकच आकडा पाहून समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. पावसाळ्यानंतर पाणी पातळ होऊन सुधारेल, हीही समजूत नेहमी खरी ठरत नाही. मातीत साचलेले क्षार पहिल्या पावसांनी धुऊन खाली येतात, म्हणून नमुने पावसाळ्याआधी व नंतर, असे दोनदा घ्यावे लागतात.

अमेरिकेतील केसिंगच्या गळतीचा धडा तर आपल्या दारात आहे. आपल्याकडे बोअरवेलला केसिंग पाइप साधारणतः मुरूम संपून कठीण खडक लागेपर्यंतच घालतात. तो खडकात नीट बसला नाही, भोवतीची पोकळी सिमेंटने बंद केली नाही, तर वरच्या थरातील दूषित पाणी त्याच छिद्रातून खोल थरात उतरते. उथळ विहीर बिघडली म्हणून दोन-तीनशे फूट बोअर घेणारा शेतकरी अशा रीतीने नकळत प्रदूषणाला वाट करून देतो.

पेनसिल्व्हेनियाने २०१२ मध्ये कायदा करून पुराव्याचा भार उलटवला. शेल वायूच्या विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, काम झाल्यापासून १२ महिन्यांत पाणी बिघडले, तर कंपनीच जबाबदार धरली जाते. आधीच दोष होता हे तिने दाखवावे. परिणामी खोदाईपूर्वी शेजारच्या विहिरी तपासून घेण्याची घाई कंपन्यांनाच झाली. भारतात राजस्थानातील बिछडी गावच्या विहिरी रासायनिक कारखान्यांनी नासवल्या, त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये प्रदूषकाची संपूर्ण जबाबदारी मान्य केली. तेथे नागपूरच्या ‘नीरी’ या संस्थेचा अहवाल निर्णायक ठरला. पण प्रत्येक गावासाठी ‘नीरी’ येत नाही. केंद्रीय भूजल मंडळ निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. रासायनिक तपासणी त्या मानाने विरळच. नवा कारखाना वा साठवण तलाव उभारण्याआधी भोवतालच्या विहिरींचे पाणी दोन्ही हंगामांत तपासून तो अहवाल ग्रामपंचायतीत ठेवण्यास फारसा खर्च येत नाही. प्रवरेच्या काठी ज्यांच्या विहिरी आज तक्रारीच्या आहेत, त्यांच्याजवळ असा जुना कागद क्वचितच सापडेल.