निसटलेले नेत्रभिंग : डोळ्याने दिलेली पूर्वसूचना

नेत्रभिंगाचा विषय निघाला की सर्वसामान्यांच्या मनात प्रथम मोतीबिंदू येतो. भिंग गढूळ झाले, ते काढले, कृत्रिम भिंग बसविले आणि दृष्टी परतली, हा क्रम आता घरोघरी परिचित आहे. परंतु भिंग स्वच्छ असूनही जागा सोडते, तेव्हा विचार डोळ्यापुरता मर्यादित ठेवून भागत नाही. लहान मुलामध्ये ही घटना हृदयाच्या वा रक्तवाहिन्यांच्या गंभीर विकाराची पहिली खूण असू शकते. म्हणूनच नेत्रतज्ज्ञांप्रमाणे बालरोगतज्ज्ञ, कुटुंबाचे डॉक्टर आणि पालक यांनीही हा विषय समजून घेणे अगत्याचे आहे.

भिंग कशाच्या आधारे राहते?

बाहुलीच्या मागे असलेले हे भिंग प्रौढ व्यक्तीत सुमारे 9 ते 10 मिलिमीटर व्यासाचे असते. सभोवतालच्या स्नायुवलयापासून निघालेले असंख्य सूक्ष्म तंतू त्याला सर्व बाजूंनी तोलून धरतात. हे तंतू मुख्यत्वे फायब्रिलिन-1 या प्रथिनाचे बनलेले असतात. हेच प्रथिन महारोहिणीच्या भित्तीलाही बळकटी देते. डोळा आणि हृदय यांचा संबंध येथे जुळतो. काही तंतू सैल झाले वा तुटले की भिंग एका बाजूस सरकते. सर्वच तुटले तर ते पुढे बाहुलीबाहेर येते किंवा मागे काचाभ द्रवात जाऊन पडते.

कारणे

डोळ्यास लागलेला मार हे सर्वाधिक आढळणारे कारण होय. क्रिकेटचा चेंडू, विटी, फटाका किंवा अपघातातील आघात यांपैकी काहीही त्यास पुरेसे ठरते. मात्र मार किरकोळ असूनही भिंग सरकले असेल, तर तंतू मुळातच दुबळे होते काय, याचा शोध घ्यावा. उतारवयात भिंगावर राखेसारखे कण साचणारा स्यूडोएक्सफोलिएशन हा विकार, अतिपक्व मोतीबिंदू आणि अतितीव्र लघुदृष्टी यांमुळेही तंतू क्षीण होतात.

आनुवंशिक कारणांत मार्फान सिंड्रोम अग्रस्थानी आहे. 1896 साली पॅरिसचे बालरोगतज्ज्ञ अँटोनी मार्फान यांनी लांब, सडपातळ बोटांच्या एका पाच वर्षांच्या मुलीचे वर्णन केले. या विकाराचे मूळ फायब्रिलिनच्या जनुकातील दोषात आहे, हे 1991 मध्ये सिद्ध झाले. सुमारे 5000 व्यक्तींमागे एकास तो असतो आणि त्यांपैकी जवळजवळ 60 टक्के रुग्णांत भिंग सरकलेले आढळते, बहुधा वर व बाहेरच्या बाजूस. महारोहिणीचा मूळभाग हळूहळू फुगत जाणे व अकस्मात फाटणे हा यातील खरा धोका होय.

दुसरा विकार होमोसिस्टिन्युरिया. यात एका विकराच्या अभावी रक्तात होमोसिस्टीन साचते, भिंग बहुधा खाली व नाकाकडे सरकते आणि रक्ताच्या गुठळ्या होण्याची प्रवृत्ती बळावते. आई व वडील या दोघांकडून सदोष जनुक आल्यासच हा रोग होतो. दक्षिण महाराष्ट्र, बेळगाव आणि तेलंगणाच्या परिसरात मामाच्या मुलीशी विवाहाची रूढी आहे. अशा नात्यातील विवाहांत ही शक्यता वाढते, म्हणून कुलवृत्तांत विचारताना हा प्रश्न वगळू नये. उंची कमी, बोटे आखूड आणि भिंग लहान व गोलाकार, अशी चिन्हे दिसल्यास वाइल-मार्चेसानी सिंड्रोमचा विचार करावा.

निदान

मुलाच्या चष्म्याचा नंबर वारंवार व मोठ्या प्रमाणात बदलत असेल, तिरकस नंबर वाढत असेल, चष्मा लावूनही स्पष्ट दिसत नसेल किंवा एका डोळ्याने दोन प्रतिमा दिसत असतील, तर बाहुली विस्फारून स्लिट लँपखाली तपासणी व्हावी. नजर हलविताना परितारिकेचा थरकाप आणि बाहुलीत दिसणारी भिंगाची कड ही बोलकी चिन्हे होत. डोळ्याचा दाब मोजणे व दृष्टिपटल पाहणे आवश्यक आहे. भिंग मागे पडले असल्यास सोनोग्राफी उपयुक्त ठरते.

मार लागल्याचा स्पष्ट इतिहास नसेल, तर तपासणी येथे थांबू नये. इकोकार्डिओग्राफी, रक्तातील होमोसिस्टीनचे प्रमाण आणि आईवडील व भावंडांची तपासणी करावी. 2010 च्या सुधारित घेंट निकषांनुसार सरकलेले भिंग आणि फुगलेली महारोहिणी ही दोन चिन्हे एकत्र आढळणे मार्फानच्या निदानास पुरेसे आहे.

उपचार

भिंग थोडेच सरकले असेल, तर योग्य चष्मा वा कॉन्टॅक्ट लेन्स पुरते. लहान वयात डोळा आळशी होऊ नये म्हणून नंबर वेळेवर देणे महत्त्वाचे. भिंग पुढे आल्यास द्रवाचा मार्ग अडून दाब झपाट्याने वाढतो. तीव्र वेदना, लाली व उलट्या सुरू झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे. चष्म्याने दृष्टी सुधारत नसेल किंवा गुंतागुंत झाली, तर भिंग काढावे लागते. होमोसिस्टिन्युरियात भूल देण्यापूर्वी गुठळ्यांच्या धोक्याची पूर्वतयारी अनिवार्य आहे. या रोगात काहींना केवळ जीवनसत्त्व ब-6 ने लक्षणीय लाभ होतो.

भिंगविरहित डोळ्याचा प्रश्न जुना आहे. पूर्वी सथिये सुईने गढूळ भिंग मागे ढकलीत. रुग्णास क्षणभर उजेड दिसे, पण पुढे दाह व काचबिंदू यांमुळे कित्येकांची दृष्टी जाई. त्यानंतरच्या काळात भिंग काढून सुमारे अधिक दहा नंबरचा जाड चष्मा देत. त्यातून वस्तू सुमारे पाव हिश्श्याने मोठी दिसे आणि कडेचे दिसेनासे होई. 1949 मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडली यांनी पहिले कृत्रिम भिंग बसविले आणि चित्र पालटले. तंतूंचा आधार नसलेल्या डोळ्यातही आज ते परितारिकेवर अडकवता येते, श्वेतपटलात बसविता येते किंवा चेन्नईचे डॉ. अमर अग्रवाल यांनी रूढ केलेल्या पद्धतीप्रमाणे जैविक गोंदाने स्थिर करता येते.

शस्त्रक्रिया कितीही सुरेख झाली, तरी महारोहिणीची नियमित तपासणी आजन्म चालूच राहिली पाहिजे. वेळीच औषधे व योग्य क्षणी शस्त्रक्रिया यांमुळे मार्फानचे रुग्ण आज दीर्घायुष्य जगतात. त्यांतील अनेकांच्या निदानाची सुरुवात चष्म्याच्या नंबरापासून झालेली असते. म्हणून असे मूल समोर आले की चष्म्याच्या चिठ्ठीसोबत हृदयतपासणीची चिठ्ठीही लिहावी, आणि पालकांनी ती जपून ठेवण्याऐवजी त्याच आठवड्यात अमलात आणावी.