फौजीचं ‘सगळं फुकट’ असतं म्हणे!

२६ जानेवारीला नागपूरचा, फौजेच्या ताब्यातला सीताबर्डीचा किल्ला लोकांसाठी उघडतो. चढण चढताना दरवर्षी कोणीतरी म्हणतंच, “फौजीचं बरं आहे बाप्पा, जन्मभर दवापाणी फुकट!”

हवालदार म्हणून निवृत्त झालेल्या बाबांची फाईल मीच सांभाळतो, त्यामुळे ‘फुकट’ ऐकलं की माझं डोकं सणकतं. नोकरीत असेपर्यंत जवानाला, बायकोमुलांना कामठीच्या मिलिटरी हॉस्पिटलात पैसे पडत नाहीत, हे खरं. पेन्शन लागली की कारभार ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेकडे जातो. १ एप्रिल २००३ ला सुरू झालेल्या या योजनेच्या नावातला ‘सी’ कॉन्ट्रिब्युटरीचा, म्हणजे वर्गणीचा. संरक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये ठरवलेले दर असे: हवालदारापर्यंत ३० हजार, सुभेदार वर्गाला ६७ हजार, अधिकाऱ्याला १ लाख २० हजार, निवृत्तीच्या वेळी एकदाच. वीरपत्नींना आणि १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना माफी. जन्मभरासाठी सौदा स्वस्तच आहे, नाही कोण म्हणतो? पण पैसे मोजलेत ना राजेहो!

बरं, ईसीएचएसचं कार्ड दाखवलं की कुठल्याही बड्या दवाखान्यात खाट, असंही नाही. आधी पॉलिक्लिनिकची रांग, मग रेफरलचा कागद, मग यादीतलं हॉस्पिटल. तिथेही हुद्दा आडवा येतो: हवालदाराला जनरल वॉर्ड, अधिकाऱ्याला स्वतंत्र खोली. आणि औषधं? ‘उपलब्ध नाही’ असा शेरा असलेल्या चिठ्ठ्या आमच्या फाईलीत पिनेला पिन लावून आहेत. माझा शब्द नको. औषधांच्या तुटवड्यावर कॅगने २०१५ च्या अहवालात बोट ठेवलंय.

अग्निवीरालाही चार वर्षांनंतर हे कार्ड मिळतं? नाही. आईवडील योजनेत आपोआप येतात? तेही नाही; ते अवलंबून असावे लागतात आणि त्यांच्या उत्पन्नाला मर्यादा आहे.

एक गैरसमज मात्र जिवावर बेततो. शेजारच्या काकांच्या छातीत कळ आली, तर मुलगा मला फोनवर विचारतोय, “कार्ड चालणारं हॉस्पिटल कोणतं? रेफरल कुठून आणू?” अरे, इमर्जन्सीत रेफरल लागत नाही! यादीबाहेरचं हॉस्पिटलही चालतं. फक्त ४८ तासांच्या आत पॉलिक्लिनिकला कळवायचं. तिथे बिल आधी आपण भरायचं, परतावा सरकारी दराने येतो, वरचा फरक आपल्या खिशातून. काकांना मी गल्लीच्या तोंडावरच्या दवाखान्यात न्यायला सांगितलं.