अवलंबित्वाची लक्षणे : वसतिगृहातील विद्यार्थ्यांसंबंधी काही विचार

वसतिगृहात राहणारा एखादा विद्यार्थी सकाळच्या तासांना वारंवार गैरहजर राहू लागला, महिनाअखेर येण्यापूर्वीच उसने पैसे मागू लागला आणि जुन्या मित्रांना टाळू लागला, तर त्याचे कारण काय असावे? आजारपण, नापास होण्याची भीती, मनाचे औदासीन्य, यांपैकी काहीही असू शकेल. मादक द्रव्य हे या अनेक कारणांपैकी एक होय. तेव्हा एकाच खुणेवरून निष्कर्ष काढण्याचा मोह प्रथम आवरला पाहिजे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीने १९६४ साली या विषयातील जुन्या संज्ञा बाजूला ठेवून 'अवलंबित्व' ही संज्ञा सुचविली. आपल्या 'व्यसन' या शब्दाला दोषारोपाचा वास येतो. 'अवलंबित्व' हा शब्द शरीराच्या व मनाच्या एका अवस्थेचे वर्णन तेवढे करतो. ही अवस्था केवळ मात्रेवरून ठरत नाही. द्रव्याची अनावर ओढ, थांबण्याचा निश्चय पुन्हा पुन्हा मोडणे, पूर्वीच्याच परिणामासाठी अधिक मात्रा लागणे आणि अपाय दिसत असूनही सेवन चालू राहणे, ही तिची प्रमुख अंगे होत.

भारत सरकारच्या वतीने झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, १० ते ७५ वर्षे वयाच्या दर शंभर व्यक्तींमागे सुमारे दोघांनी मागील वर्षभरात अफूवर्गीय द्रव्य घेतल्याचे आढळले. हेरॉइन हे त्यांपैकी सर्वांत अधिक प्रचलित. पंजाबात त्याला 'चिट्टा' म्हणतात, तर मणिपुरात 'नंबर फोर'. कोडीनयुक्त खोकल्याचे औषध आणि ट्रॅमाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या याच वर्गातील. त्या औषध म्हणूनच खोलीत येतात, त्यामुळे संशयही येत नाही.

या द्रव्यांच्या अमलाखाली डोळ्यांच्या बाहुल्या मंद प्रकाशातही टाचणीच्या टोकाएवढ्या राहतात, बोलता बोलता मान कलते, बद्धकोष्ठ जडतो. अंमल उतरू लागला की चित्र उलटते. हेरॉइनच्या बाबतीत शेवटच्या मात्रेनंतर साधारणतः आठ ते बारा तासांत जांभया येतात, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, अंगावर काटा येतो, पोटात कळा येतात, झोप उडते. पाहणाऱ्यास ही सर्दी वाटते. परंतु बाहेर घटकाभर जाऊन येताच जी सर्दी नाहीशी होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा परतते, ती सर्दी नव्हे. प्राध्यापकांना किंवा दूरच्या मातापित्यांना हे सहसा दिसत नाही. शेजारच्या खाटेवरील सोबत्यास मात्र दिसते.

त्याने काय करावे? चारचौघांत जाब विचारू नये. एकांतात, अंमल नसताना, दिसले तेवढेच सांगावे. खोलीत कोंडून 'सवय मोडण्याचा' उपाय तर मुळीच करू नये. मद्य किंवा झोपेच्या गोळ्या एकाएकी बंद केल्यास झटके येऊन प्राणावर बेतू शकते. अफूवर्गीय द्रव्यांसाठी ब्युप्रेनॉर्फिन व मेथाडोन ही औषधे वैद्यकीय देखरेखीखाली दिली जातात. १४४४६ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. पोलिसांच्या भयाने अनेक जण दवाखान्याची पायरी चढत नाहीत. वस्तुतः १९८५ च्या अंमली पदार्थविषयक कायद्यातच, अल्प मात्रेच्या अपराधाचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतल्यास तिला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद आहे.

एक धोका मात्र फारसा ठाऊक नसतो. काही आठवडे द्रव्यापासून दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरते. अशा वेळी, सुटीनंतर किंवा उपचारानंतर, जुन्याच मात्रेकडे वळलेला विद्यार्थी त्या मात्रेनेच दगावू शकतो. श्वास संथ व तुटक होणे, ओठ निळसर पडणे, हाका मारूनही जाग न येणे, या खुणा दिसताच ११२ वर मदत मागावी. श्वास चालू असल्यास त्यास एका कुशीवर वळवून ठेवावे, तोंडात पाणी घालू नये आणि त्याने काय घेतले हे डॉक्टरांना निःसंकोच सांगावे. नॅलोक्सोन हे उताऱ्याचे औषध वेळीच टोचले गेल्यास मंदावलेला श्वास काही मिनिटांत पूर्ववत चालू लागतो. पण त्याचा प्रभाव लवकर ओसरत असल्यामुळे रोग्यास पुढील काही तास रुग्णालयातच ठेवावे लागते.