सेकंदांची खरेदी

हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे पाहिलेल्या पुण्यातून हल्ली काही मंडळी हेल्मेट घालून चारचाकी चालवायला हजार-दीड हजार किलोमीटर दूर जातात. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइम्बतूरचा कारी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाचा 5.125 किलोमीटरचा बुद्ध सर्किट ही त्यांची तीर्थक्षेत्रं. ‘ट्रॅक डे’ ही शर्यत नव्हे. पैसे भरायचे, आपलीच गाडी न्यायची आणि समोरून ट्रक, रिक्षा, म्हैस यांपैकी काहीही येणार नाही या खात्रीनं ती पळवायची. ओव्हरटेकही सहसा ठरलेल्या सरळ पट्ट्यातच, पुढच्यानं खूण केल्यावर.

पहिल्यांदा जाणारा हमखास विचारतो : घरात मोटरसायकलचं चांगलं आयएसआय हेल्मेट आहे, ते चालेल ना?

काही आयोजक चालवून घेतात. पण ते हेल्मेट वेगळ्या अपघातासाठी बनलेलं असतं. आपल्याकडचं आयएस 4151 हे मानक दुचाकीस्वारासाठी आहे. दुचाकीवरचा माणूस फेकला जातो, रस्त्यावर आपटतो, घसरत जातो. मोटारीतला माणूस मात्र बांधलेला असतो, आतच राहतो. गाडी उलटली तर त्याचं डोकं रोल केज या संरक्षक पिंजऱ्याच्या पोलादी नळीवर पुन्हा पुन्हा आदळू शकतं, आणि टाकी फुटली तर आग लागू शकते. अमेरिकेतल्या स्नेल फाउंडेशननं म्हणूनच दोन वेगळ्या वर्गवाऱ्या केल्या : मोटरसायकलसाठी ‘एम’, मोटारींच्या शर्यतींसाठी ‘एसए’. एसए हेल्मेटची नळीवरच्या आघातांची चाचणी होते, आतलं अस्तर आग धरत नाही ना हे पाहतात. एम हेल्मेटला आगीची परीक्षाच नसते. या संस्थेचा जन्मही एका मृत्यूतून झाला. 1956 मध्ये पीट स्नेल हा चालक शर्यतीत गेला, कारण त्याचं हेल्मेट त्याला वाचवू शकलं नाही. पुढच्याच वर्षी मित्रांनी त्याच्या नावानं संस्था काढली.

एसए2020, एसए2025 यांतला आकडा मानकाच्या वर्षाचा. दर पाच वर्षांनी नवं मानक येतं. हेल्मेटही साधारण पाच वर्षांनी बदलावं, असं स्नेलचंच सांगणं आहे. घाम आणि केसांचं तेल आतल्या भरावाला हळूहळू खातात, तेव्हा खोबरेल लावून ट्रॅकवर जाणाऱ्यांनी बालाक्लाव्हा, म्हणजे हेल्मेटखालची कापडी टोपी, जरूर घालावी. सेकंडहँड हेल्मेट घेऊ नये. आतला थर्माकोलसारखा थर एकदाच दबतो आणि तो दबला आहे की नाही, हे बाहेरून दिसत नाही.

लोक सगळ्यात जास्त वेळ रंग निवडण्यात घालवतात, आणि सगळ्यात कमी माप घेण्यात. 1976 मध्ये न्यूरबर्गरिंगवर फॉर्म्युला वनचा चालक निकी लाउडा याची गाडी पेटली, तेव्हा त्याचं हेल्मेट डोक्यावरून निसटलं होतं. डोक्याच्या आणि चेहऱ्याच्या भाजण्याच्या खुणा त्यानं जन्मभर वागवल्या. शिंप्याचा टेप भुवयांच्या वर बोटभर ठेवून डोक्याभोवती फिरवा. हेल्मेट घातल्यावर ते हातानं हलवलं, तर गालाची कातडीही सोबत हलली पाहिजे. पट्टा बांधून मागच्या काठाला धरून पुढे ओढा, निघता कामा नये. मग दुकानात वीस मिनिटं तसेच बसा. दुकानदार वैतागेल, वैतागू द्या. कपाळावर एकाच जागी ठणका लागला तर माप बरोबर असूनही आकार तुमच्या डोक्याचा नाही. दुसरी कंपनी बघा.

मानेचा विषय थोडा गुंतागुंतीचा आहे. 18 फेब्रुवारी 2001 रोजी अमेरिकेतल्या नॅसकार शर्यतींचा चालक डेल अर्नहार्ट डेटोनाच्या शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. धड पट्ट्यांनी धरलेलं होतं, डोकं पुढे गेलं आणि कवटीचा तळ तुटला. नेमकं हे रोखणारं ‘हान्स’ हे साधन रॉबर्ट हबर्ड या प्राध्यापकानं ऐंशीच्या दशकातच तयार केलं होतं. अर्नहार्टनं ते घातलं नव्हतं. त्याच वर्षी नॅसकारनं असं साधन सक्तीचं केलं, 2003 मध्ये फॉर्म्युला वननं.

हे वाचून कुणी लगेच हान्स मागवू नये. ते खांद्यांवर बसतं आणि दोन्ही खांद्यांवरून येणारे हार्नेसचे पट्टे ते दाबून धरतात. आपल्या स्विफ्ट किंवा पोलोच्या तीन टोकांच्या पट्ट्यात ते निरुपयोगी. मग हार्नेस बसवू म्हणाल, तर हार्नेसला पक्की सीट लागते आणि मांड्यांमधून येणारा पट्टाही लागतो. नाहीतर धडकेत माणूस कमरेच्या पट्ट्याखालून सरकतो आणि पट्टा पोटात रुततो. आणि हार्नेस बांधायला मागे केज आला, की त्या नळ्यांवर पॅडिंगही आलं. म्हणजे एक वस्तू बदलली की पुढची चार बदलावी लागतात. अर्धवट सोडलेला बदल मूळ गाडीपेक्षा वाईट. म्हणून नवख्यानं कंपनीचा पट्टा आणि एअरबॅग तशीच ठेवावी, हे माझं स्पष्ट मत.

आता कपडे. ट्रॅकवर सर्रास दिसणारा चकचकीत ‘ड्राय-फिट’ टी-शर्ट हा पॉलिएस्टरचा असतो. आगीत तो वितळून कातडीला चिकटतो. सुती कपडा पेटतो, पण वितळत नाही. नोमेक्स नावाचा धागा ना वितळतो ना सहज जळतो, त्याचा कोळसा होऊन जाड थर बनतो. तरीही हा सूट अंगावर असला म्हणून आग लांब राहत नाही, बाहेर पडायला थोडा वेळ मिळतो एवढंच. अमेरिकेच्या एसएफआय मानकात हा वेळ सरळ मोजलेला आहे : 3.2ए/1 या साध्या सुटात कातडीवर फोड यायला सुमारे तीन सेकंद, 3.2ए/5 मध्ये सुमारे दहा. बांधलेला पट्टा सोडून दार उघडायला तीन सेकंद पुरतात का, हे घरी पार्किंगमध्ये एकदा करून पाहा.

2020 मध्ये बहारीनला फॉर्म्युला वनचा चालक रोमँ ग्रोजाँ सत्तावीस-अठ्ठावीस सेकंद ज्वाळांत होता. अडकलेला पाय त्यानं बुटातून सोडवला, बूट तिथेच राहिला. तो जगला, भाजले मुख्यतः हात. हातमोजे ही शोभेची वस्तू नाही, ती यासाठी. बुटांबद्दल फार बोलायला नको : पातळ तळवा, पेडल पायाला कळलं पाहिजे, नाडी लोंबकळता कामा नये.

चेन्नईच्या दमट दुपारी तीन थरांचा सूट घालणं म्हणजे चालतं फिरतं मोदकपात्र. दमलेला, पाणी कमी पडलेला चालक स्वतःच धोका होतो. त्यामुळे मूळ अवस्थेतल्या गाडीत, मोजक्या फेऱ्यांसाठी मी असं करीन : एसए हेल्मेट, नोमेक्सचे हातमोजे, बंद बूट, आणि वर-खाली पूर्ण अंग झाकणारे सुती कपडे, आतली बनियनसुद्धा सुती. गाडीत केज आणि हार्नेस आले, वेग वाढला, की मग सूट. तेव्हा मात्र तीन सेकंदांचा नको, दहाचा घ्या.

सूट घेतलाच तर लेबल वाचून धुवा, कपडे मऊ करणारं लिक्विड टाकू नका, त्याचा अंश कापडावर राहतो आणि जळतो. आणि पिटमध्ये बॉनेट उघडून ऑइल तपासणारे जे वीर हात सुटाच्या मांडीवरच पुसतात, त्यांनी बॅगेत घरचं एक जुनं फडकं टाकावं. ते तेल नोमेक्स नाही.