शून्य टक्के व्याजाचे कार्ड घेऊन जुने कर्ज फेडावे का?

गेल्या काही वर्षांत आपल्या समाजातील पगारदार तरुणांच्या खिशात क्रेडिट कार्ड आले आहे. अनेक घरांत नियमित पगार घेणारी ही पहिलीच पिढी. त्यामुळे बहिणीचे लग्न, आईचे ऑपरेशन, भावाची फी, गावाकडच्या घराचा स्लॅब, सगळे त्या एकाच पगारावर येते. मागे शेती नसते आणि हातउसने पैसे देईल असा सधन नातेवाईकही नसतो. मग कार्ड घासले जाते. याला उधळेपणा म्हणणाऱ्यांनी आधी त्या घराचा महिन्याचा हिशेब पाहावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वस्त्यांमध्ये काम करताना आम्हाला सध्या एक प्रश्न वारंवार विचारला जातो. "दुसऱ्या बँकेचा फोन आलाय. तुमची थकबाकी आमच्या कार्डावर घ्या, तीन महिने व्याज नाही म्हणतात. घेऊ का?" याला बॅलन्स ट्रान्सफर म्हणतात. नवी बँक तुमच्या जुन्या कार्डाची थकबाकी भरते आणि तुम्ही नव्या बँकेचे देणेकरी होता. कर्ज तेवढेच राहते, फक्त सावकार बदलतो. ही सोय बहुतेक ठिकाणी कार्डाच्या थकबाकीपुरतीच असते. पर्सनल लोन किंवा सोसायटीचे कर्ज असे थेट कार्डावर जात नाही.

आता आकडे पाहू. समजा जुन्या कार्डावर ६०,००० रुपये थकले आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२ टक्के आहे. महिन्याचे व्याज २,१०० रुपये झाले. त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३७८. एकूण २,४७८. बिलावर 'किमान देय रक्कम' पाच टक्के धरली तर ३,००० रुपये दिसते. ती भरली की आपण समाधानाने झोपतो, पण मुद्दल कमी झाले फक्त ५२२ रुपयांनी. शिवाय थकबाकी असेपर्यंत नव्या खरेदीलाही बिनव्याजी मुदत मिळत नाही. किराणा घेतला तरी त्या दिवसापासून व्याज. व्याजाला वरून लगामही नाही. ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ मध्ये म्हटले होते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निकाल रद्द केला.

हीच थकबाकी तीन महिने बिनव्याजी कार्डावर नेली तर? बिनव्याजी म्हणजे फुकट नव्हे. प्रोसेसिंग फी दोन टक्के धरली तर १,२०० आणि जीएसटी २१६, असे १,४१६ रुपये लागतात. महिन्याला ५,००० रुपये भरत राहिलात, तर तीन महिन्यांनी नव्या कार्डावर सुमारे ४६,४०० उरतात. जुन्याच कार्डावर तेवढेच भरले असते तर सुमारे ५२,१०० उरले असते. म्हणजे साधारण ५,७०० रुपये वाचले. फायदा खरा आहे, पण चौथ्या महिन्यापासून उरलेल्या ४६ हजारांवर नव्या बँकेचा नेहमीचा दर सुरू होतो, आणि तोही बहुधा जुन्याइतकाच असतो. तीन महिन्यांत महिन्याला २० हजार भरण्याची ताकद असेल, बोनस किंवा थकीत पगार हाती येणार असेल, तरच शून्य टक्के पूर्ण कामी येते. नसेल तर बारा महिन्यांच्या कमी व्याजाच्या हप्त्याची योजना विचारा. दीड टक्का मासिक दराने ६०,००० चा हप्ता सुमारे ५,५०० बसतो. व्याज, जीएसटी, फी धरून वर्षभरात साधारण साडेआठ हजार जातात. जुन्या दराने बारा महिन्यांत फेडायचे तर सतरा हजारांवर गेले असते.

फोनवर बोलणारी मुलगी किंवा मुलगा आपल्यासारखाच कुणीतरी टार्गेटवर काम करणारा असतो, त्याच्यावर चिडू नका. पण मुदत संपल्यावरचा दर, एकूण फी आणि हप्ता चुकला तर सवलत रद्द होते का, हे लेखी मागा. लेखी येत नसेल तर विषय संपला.

आमच्या पाहण्यात खरा घात होतो तो नंतर. जुने कार्ड रिकामे होते, त्यावर पुन्हा लाखभराची मर्यादा दिसू लागते, आणि दिवाळीपर्यंत दोन्ही कार्डे भरलेली असतात. म्हणून थकबाकी गेली की जुने कार्ड बंद करण्याचा अर्ज लगेच द्या. देणे बाकी नसेल तर सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करणे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे. उशीर झाला तर बँकेने ग्राहकाला दिवसाला ५०० रुपये द्यायचे असतात.

कार्डावरून रोख काढून दुसरे कर्ज फेडण्याचा सल्लाही फिरतो. काही दुकानदार कमिशन कापून, खोटी खरेदी दाखवून रोख देतात. या वाटेला जाऊ नका. गृहकर्ज किंवा शैक्षणिक कर्ज तर कार्डाने कधीच फेडू नये, स्वस्त कर्ज महाग होते. उलट नोकरीच्या ठिकाणी पगारदारांची पतसंस्था असेल तर आधी तिथे विचारा. तिचा दर कार्डाच्या दराहून बराच कमी असतो, आणि कर्जाच्या व्याजावर जीएसटी लागत नाही. तो फक्त कार्डाच्या व्याजावर लागतो, हे अनेकांना माहीत नसते.

वस्तीतल्या खासगी सावकाराचे प्रकरण वेगळे. शेकडा पाच म्हणजे वर्षाला ६० टक्के, कार्डापेक्षाही जास्त. तो परवानाधारक आहे का, हे सहकार खात्याच्या सहायक निबंधक कार्यालयात कळते. विनापरवाना सावकारी हा महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे आणि तक्रारही तिथेच करता येते. हप्ता थकला म्हणून कार्डाच्या वसुलीचे फोन येत असतील, तर ते सकाळी आठच्या आधी किंवा संध्याकाळी सातनंतर करता येत नाहीत. नातेवाइकांना फोन करून बेअब्रू करणेही नियमात बसत नाही. अशा फोनची तारीख, वेळ आणि नंबर वहीत लिहून ठेवा आणि बँकेकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत समाधानकारक उत्तर आले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही.